आजारी माणसाला किती झोपवायचे?



आमच्या मोठ्या मामूंच्या आजारपणात आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक आम्ही प्रेमापोटी केली, आणि तीच चूक आज कितीतरी घरांतून तितक्याच प्रेमाने होत असेल, म्हणून या महिन्यात तिच्याविषयी लिहीत आहोत.

मामू मिरजेला राहायचे. वय 67, शिलाईचे दुकान, बिडी सोडून दहा वर्षे झालेली. खोकला बरेच महिने होता. तो आधी हवामानावर गेला, मग जुन्या बिडीवर, मग टीबीच्या संशयावर. शेवटी तपासणीचा कागद हाती आला तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात होता. दुसऱ्या फुप्फुसात आणि हाडात पोहोचलेला. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. केमो देता येईल, असे डॉक्टर म्हणाले आणि तीन आठवड्यांनी या, असे सांगून मधल्या तपासण्या लिहून दिल्या.

त्या तीन आठवड्यांत घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने एकच काम केले. मामूंना झोपवले. मुमानींनी खिडकीजवळ पलंग लावला. मुलांनी दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. सून वुजूचे पाणी पलंगापाशी आणून देऊ लागली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मामू माठातले पाणी प्यायला उठू लागले, तर चार आवाज एकदम आले, "तुम्ही उठू नका!" त्या चारांत आमचाही एक होता.

ठरल्या दिवशी मामूंना दोघांच्या आधाराने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी फाइल पाहिली, मग मामूंकडे पाहिले आणि विचारले, "जागे असता त्यातला किती वेळ पलंगावर जातो? आंघोळ स्वतः करता का?"

मामूंनी मुलाकडे पाहिले. मुलगा थोड्या अभिमानानेच म्हणाला, "नाही डॉक्टर. आम्ही अब्बांना काहीच करू देत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "मागच्या वेळी हे जिना चढून आले होते. आज या अवस्थेत मी केमो सुरू केली तर औषध आजाराआधी यांनाच मारेल. यातली काही कमजोरी आजाराची आहे, काही पलंगाची आहे. कोणाची किती, हे उठल्याशिवाय कळणार नाही."

कॅन्सरच्या डॉक्टरने गाठीच्या मापाआधी पलंगाचा हिशोब मागावा, याचे आम्हांला त्या दिवशी नवल वाटले होते. पुढे जे वाचले, विचारले आणि पाहिले त्यातून समजले की हा प्रश्न फार जुना आहे आणि तो याच आजारातून आलेला आहे.

प्रश्न आला कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी डॉक्टर फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना नायट्रोजन मस्टर्ड हे औषध देऊन पाहत होते. युद्धातल्या विषारी वायूच्या कुळातले हे औषध म्हणजे केमोच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक. त्याने आजार मुळापासून जात नव्हता. मग औषधाचा उपयोग झाला की नाही, हे ठरवायचे कशावरून? या डॉक्टरांनी रुग्णाच्या रोजच्या जगण्याकडे पाहिले. हा माणूस काम करतो का? स्वतःचे स्वतः करतो का? त्याला किती मदत लागते? यावरून त्यांनी 0 ते 100 असे गुण ठरवले. हे 1948-49 चे काम.

आज दवाखान्यांतून बहुधा त्याहून सोपी पट्टी वापरतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने ती 1982 मध्ये छापून प्रसिद्ध केली. गटाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'इकॉग' म्हणतात. आपल्या माणसाच्या फाइलवर 'पीएस 1' किंवा 'पीएस 2' असे लिहिलेले दिसले तर ते हेच.

तिचा अर्थ घरच्या भाषेत असा. शून्य म्हणजे माणूस पूर्वीसारखा सगळे करतो. एक म्हणजे ओझी उचलणे, धावपळ जमत नाही; पण हिंडतो-फिरतो, बसून करायचे हलके काम करतो. दोन म्हणजे कामधंदा सुटला, पण आंघोळ, कपडे, जेवण स्वतःचे स्वतः करतो आणि जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणाबाहेर असतो. तीन म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर किंवा खुर्चीत, स्वतःचे थोडेच करता येते. चार म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला. पाच म्हणजे आयुष्य संपले.

शून्य आणि एकवाल्यांना केमो बहुतेक वेळा झेपते. दोनवर डॉक्टर विचार करून, औषध बदलून किंवा मात्रा कमी करून देतात. तीन आणि चारवर नेहमीच्या केमोचा उपयोग थोडा आणि त्रास मोठा, म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात. म्हणजे दोन आणि तीन यांच्यामध्ये जी रेघ आहे ती फार मोठी आहे, आणि तिचे माप आहे 'निम्मा दिवस पलंगावर'. आम्ही मामूंना आमच्या हातांनी त्या रेघेपलीकडे नेऊन ठेवले होते.

पलंग काय नेतो?

अंगातले स्नायू वापरले नाहीत की शरीर ते ठेवत नाही. 2007 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चांगल्या तब्येतीच्या 12 वयस्क माणसांना फक्त 10 दिवस पलंगावर ठेवले. त्यांना आजार काहीच नव्हता. तरी 10 दिवसांत त्यांच्या पायांतून सरासरी एक किलोच्या आसपास मांस गेले. निरोगी माणसाचे हे होते, तर ज्याच्या अंगात कॅन्सर आहे त्याचे काय होत असेल?

कॅन्सर स्वतःही मांस झिजवतो. शरीरात दाह वाढतो, भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही. सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरले तर डॉक्टर त्याची गंभीर दखल घेतात. या झिजेवर नुसते खाऊ घालणे पुरे पडत नाही. त्यात काही औषधे, विशेषतः बराच काळ चालणारी स्टिरॉइड्स, मांड्या कमजोर करतात. म्हणजे स्नायूंना एकाच वेळी तिन्ही बाजूंनी गळती लागते. आजार आणि औषध यांची गळती आपल्या हातात नसते. पलंगाची बऱ्याच अंशी असते.

दुसरी गोष्ट धापेची. दोन पावले चालले की धाप लागते, म्हणून माणूस चालणे टाळतो. न चालल्याने पाय आणखी ढिले पडतात. ढिल्या पायांना तेवढ्याच दोन पावलांसाठी जास्त प्राणवायू लागतो, म्हणून धाप आधीपेक्षा लवकर लागते. घरचे म्हणतात, पाहा, आजार वाढला. कधी तो खरेच वाढलेला असतो. पण कधी हे फक्त फिरत राहिलेले चक्र असते.

सहा मिनिटे चालणे

ताकद मोजायची दवाखान्यात एक साधी रीत आहे. साधारण 30 मीटर लांब, सपाट व्हरांड्यात रुग्णाला सहा मिनिटे आपल्या चालीने चालायला सांगतात. थकले तर थांबायची मुभा असते. सहा मिनिटांत किती मीटर अंतर कापले, तेवढेच लिहायचे.

2012 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फुप्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या 118 रुग्णांची ही चाल मोजली आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवले. वय आणि इतर गोष्टींचा हिशोब वेगळा काढल्यावरही जास्त अंतर चालणारे जास्त काळ जगलेले दिसले. दर 50 मीटरमागे मृत्यूचा धोका सुमारे 13 टक्क्यांनी कमी होता.

हा आकडा वाचून 'मग अब्बांना रोज पळवू, म्हणजे वय वाढेल' असे कोणी म्हणू नये. ज्याचा आजार सौम्य तो जास्त चालू शकतो आणि तोच जास्त जगतो, असेही असू शकते. चालण्यामुळे आयुष्य मिळाले, की आयुष्य शिल्लक होते म्हणून चालता आले, हे अशा पाहणीतून कळत नाही. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून एकाला व्यायाम द्यावा लागतो.

तेही झाले आहे. बळावलेल्या फुप्फुस-कॅन्सरात व्यायाम देऊन केलेल्या सहा चाचण्यांचा, एकूण 221 रुग्णांचा, एकत्र आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम केलेल्या गटाचे सहा मिनिटांतले अंतर दुसऱ्या गटापेक्षा सरासरी 63 मीटरने जास्त निघाले आणि त्यांचे रोजचे जगणेही थोडे बरे होते. डेन्मार्कमध्ये केमो चालू असलेल्या 218 रुग्णांवर झालेली मोठी चाचणी 2020 मध्ये छापून आली. 12 आठवड्यांच्या व्यायामाने छातीचा दम काही वाढला नाही; पण स्नायूंची ताकद वाढली, आणि घोर व उदासी कमी झाली.

या टप्प्याच्या फुप्फुस-कॅन्सरात व्यायामाने आयुष्य वाढते, असे मात्र या चाचण्यांनी सिद्ध केलेले नाही. 2025 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर 889 रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि केमो झाल्यावर तीन वर्षे शिस्तीत व्यायाम केलेल्या गटात आठ वर्षांनी सुमारे 90 टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटात 83 टक्के. बातमी खरी आहे आणि मोठी आहे. पण तो आजार वेगळा, आणि ती माणसे ऑपरेशन झालेली. त्या बातमीचा 'व्यायामाने कॅन्सर बरा होतो' असा संदेश करून मोबाइलवर पुढे पाठवू नका. चौथ्या टप्प्यातल्या माणसाने तो वाचला तर आपणच आळस केला म्हणून आजार वाढला, असे त्याला वाटेल. हा त्याच्यावर जुलूम आहे.

मग उठायचे कशासाठी? इलाज झेपेल एवढी ताकद शिल्लक राहावी म्हणून. संडासला स्वतःच्या पायांनी जाता यावे म्हणून. स्वतःची इज्जत स्वतःच्या हाती जितके दिवस राहील तितके दिवस राहावी म्हणून. आमच्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

अंथरुणाला खिळला म्हणून इलाज संपला का?

नेहमी नाही, आणि हे प्रत्येक घराला माहीत हवे. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांत पेशीच्या जनुकात एक ठरावीक बिघाड असतो. त्यातला एक 'ईजीएफआर' नावाचा. आपल्या देशात तो बऱ्याच रुग्णांत सापडतो, बिडी-सिगारेट न ओढलेल्यांत आणि स्त्रियांत अधिक. त्यावर केमोऐवजी गोळ्या मिळतात.

2009 मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी हा बिघाड असलेल्या, पण केमो झेपणार नाही अशा 30 रुग्णांना गोळ्या दिल्या. त्यांतले 22 जण तीन किंवा चार या पायरीवर, म्हणजे बहुतेक वेळ अंथरुणात होते. त्या 22 मधले दोन-तृतीयांशांहून अधिक लोक शून्य किंवा एकवर आले, म्हणजे उठून हिंडू-फिरू लागले. हे व्यायामाने झाले नाही, योग्य औषधाने झाले. म्हणून 'आता यांच्यात काही उरले नाही' असे म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा, "काढलेल्या तुकड्याची जनुक-तपासणी झाली का?" मामूंची झाली होती. त्यांच्यात तो बिघाड नव्हता, म्हणून त्यांच्यापुढे केमोचाच रस्ता होता.

आणि पायरी सांगताना डॉक्टरांशी खरे बोला. 'नाही म्हणतील' या भीतीने काही घरे रुग्णाला इस्त्रीचे कपडे घालून नेतात आणि 'ठणठणीत आहेत' म्हणतात. मग जास्त मात्रा दिली जाते आणि ती अंगावर येते. काही घरे उलट, सगळे स्वतः करून देतात आणि 'काहीच जमत नाही' म्हणतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचे. प्रश्न रुग्णाला विचारला तर उत्तर रुग्णाला देऊ द्या.

घरात काय करता येईल?

आधी डॉक्टरांची परवानगी. फिजिओथेरपिस्ट भेटले तर फारच उत्तम. हाडात आजार असेल तर कोणते हाड जपायचे, काय उचलायचे नाही, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. मामूंचा आजार कंबरेजवळच्या हाडात होता. म्हणून त्यांना वाकणे आणि वजन उचलणे मना होते, पण चालायला परवानगी होती.

त्यांचा व्यायाम फार साधा होता. मजबूत, हात असलेल्या खुर्चीवरून उठायचे आणि हळूच बसायचे. पहिल्या दिवशी तीनदाच जमले. दिवसातून चार-पाच वेळा अंगणात फिरायचे, एका वेळी चार-पाच मिनिटे. एकदम अर्धा तास चालवण्यापेक्षा हे बरे. चालताना एखादे वाक्य बोलता यावे, एवढाच वेग. बोलता येत नसेल तर थांबायचे. धाप लागली की पुढे झुकून टेबलावर हात टेकायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि फुंकर घातल्यासारखा ओठांतून हळूहळू सोडायचा. चेहऱ्यावर छोट्या पंख्याची झुळूक घेतल्यानेही धाप हलकी वाटते. वाईट दिवशी, विशेषतः केमोनंतरच्या दोन-तीन दिवसांत, कमी करायचे. मात्र बरे वाटू लागले की पुन्हा सुरू करायचे.

कामेही परत द्यावीत. वुजूला स्वतः उठून जाऊ द्या. मोरीत घसरणार नाही अशी पायपुसणी टाका, भिंतीला धरायला कडी लावा, बसायला स्टूल ठेवा. मामूंना आम्ही बटणे लावायची कामे आणून दिली. हात चालले की माणूसही उठून बसतो.

नमाजविषयी मामूंनीच विचारले होते. मुलांनी त्यांना पहिल्या दिवसापासून पलंगावर बसून पढायला सांगितले होते. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी त्यांना जे समजावले ते आम्हांला फार मोलाचे वाटले. उभे राहणे जमत असेल तर उभ्याने, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर, ही सवलत आजाराच्या नावावरून मिळत नाही, त्या वेळी अंगात किती ताकद आहे त्यावरून मिळते. मामू त्या दिवसापासून फजरला उभे राहू लागले, कारण सकाळी त्यांना ताकद असे. इशाला खुर्चीवर बसत.

खाण्यात प्रथिने हवीत. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात. आपल्या घरांत यखनीवर फार विश्वास. यखनी प्यायला चांगली, पण तिच्या पाण्यात प्रथिने थोडीच उतरतात. बोटीही खावी लागते. चावत नसेल तर खिमा करा, मऊ शिजवा. अंडी, मासे, डाळ, दही, पनीर, थोडे थोडे करून दिवसातून सहा वेळा द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. रमजान आला तर रोजाविषयी डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारा. आजाऱ्याला दिलेली सवलत ही अल्लाहची रहमत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

इयादतीला येणाऱ्यांनाही एक विनंती. दहा जणांनी पलंगाभोवती तासभर बसून आजाऱ्याला दमवू नये. एकाने यावे, दुआ करावी, आणि जमत असेल तर त्याच्यासोबत अंगणात एक फेरी मारून जावे.

कधी थांबायचे, कधी धावत जायचे?

चालताना छातीत दुखले, चक्कर आली, थांबूनही धाप बसली नाही, खोकल्यातून रक्त पडले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम बंद करून लगेच डॉक्टरांना गाठा. केमो चालू असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. पाठीत नवे दुखणे सुरू होऊन पायांतली ताकद जाऊ लागली, पाय बधिर झाले किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी काही तास उशीर झाला तरी पाय कायमचे जाऊ शकतात. रक्तातल्या पेशी फार कमी असतील किंवा फिट आली असेल तेव्हाही आधी डॉक्टर, मग व्यायाम.

दुखणे दाबून कोणी चालू नये. दुखणे, धाप, मळमळ, झोप यांकडे पाहणाऱ्या उपशामक डॉक्टरांना सुरुवातीपासूनच भेटा. त्यांच्याकडे जाणे म्हणजे आशा सोडणे, असा आपल्याकडे गैरसमज आहे. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुप्फुस-कॅन्सरच्या 151 रुग्णांवर चाचणी झाली, ती 2010 मध्ये छापली गेली. नेहमीच्या इलाजाबरोबर सुरुवातीपासून उपशामक उपचार मिळालेल्या गटातले निम्मे रुग्ण 11.6 महिन्यांहून अधिक जगले. फक्त नेहमीचा इलाज मिळालेल्या गटात हाच आकडा 8.9 महिने होता. पहिल्या गटाचे दिवस जास्त सुखाचे होते आणि उदासीही कमी होती. दुखणे कमी झाले की माणूस उठतो, जेवतो, बोलतो.

मामूंचे पुढे काय झाले?

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. जिना चढायला मामूंना दोनदा थांबावे लागले, पण ते स्वतःच्या पायांनी चढले. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मुलगा गप्प बसला. मामू म्हणाले, "दुपारी दोन तास पडतो. बाकी उठलेला असतो. आंघोळ माझी मी करतो." केमो कमी मात्रेवर सुरू झाली आणि त्यांनी चार हप्ते घेतले.

गल्लीच्या टोकाला मशीद होती. आमच्या दारापासून 140 पावले. मामू ती मोजत. चांगल्या दिवसांत ते जुम्याला तिथवर जाऊन आले. त्या वर्षीची ईदची नमाज त्यांनी खुर्चीवर बसून का होईना, जमातीसोबत पढली.

मग आजाराने पुन्हा डोके वर काढले. या वेळी पलंग आजारानेच आणला होता. मुलाने सवयीने म्हटले, "अब्बा, एक फेरी मारू या." मामूंनी मान हलवली. मुमानी म्हणाल्या, "राहू दे, आता पडू दे त्यांना." त्यांचे बरोबर होते. डॉक्टरांनीही तेच सांगितले. शेवटचे तीन आठवडे मामू पलंगावर होते. आम्ही त्यांना कुशीवर वळवत होतो, पाठीला तेल लावत होतो, दुखण्याचे औषध वेळेवर देत होतो. कोणी त्यांना 'उठा' म्हटले नाही, आणि त्यांनीही आपण कमी पडलो असे मानले नाही.

आम्हांला बोच राहिली ती पहिल्या तीन आठवड्यांची. तेव्हा त्यांच्या अंगात ताकद होती आणि आम्ही ती वापरू दिली नाही. ती वापरली असती तर मामू आणखी किती जगले असते, हे अल्लाहलाच माहीत. पण ते तीन आठवडे ते दुकानात बसले असते, माठातले पाणी स्वतःच्या हाताने प्याले असते, एवढे नक्की.

आपल्या घरात असा रुग्ण असेल तर आज संध्याकाळी एकच करा. त्याला विचारा, "यातले काय तुम्हांला स्वतः करायचे आहे?" तो जे सांगेल, त्याला डॉक्टरांची हरकत नसेल, तर ते त्याला करू द्या. आणि तो उठला की 'उठू नका' म्हणण्याऐवजी त्याच्या बाजूला उभे राहा.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांची तीमारदारी करणाऱ्यांना समज आणि सब्र देवो. आमीन.